काकीच्या कोनाड्यातले देव

माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरच्या मधल्या जागेत, तयार मिळतं तसलं एक पांढरं देवघर आहे. त्यात आमच्या कुळाचे देव आहेत. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेले, तळहातावर मावणारे टाक. घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, मग भैरोबा, आणि झिजून झिजून ओळख बुजलेला एक वीर. वीर म्हणजे कुळातला कधीकाळी मेलेला कुणीतरी पुरुष. नाव कुणाला ठाऊक नाही, पराक्रम कुणाला ठाऊक नाही, पण पुरुष होता एवढं पक्कं, म्हणून देवांत बसला आहे. हे देव माझे आहेत असं भावकी म्हणते. ते माझे नाहीत. तरी ते माझ्याकडे आहेत, आणि रोज सकाळी चहा ठेवताना मला त्यांची लाज वाटते. चहा ठेवताना, कारण शेगडी तिथंच आहे.

हे देव माझ्या काकीचे. आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आण्याच्या पठारावर. कुळाचे देव थोरल्या भावाच्या घरी राहतात, म्हणून ते काकांकडे होते. माझे वडील धाकटे, आम्ही सणासुदीला तिकडे जायचो. काका ट्रकवर असत. टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावहून गाडी भरायची आणि निघायचं, टोमॅटो संपला की आणखी काही भरून निघायचं. घरी असले की झोपलेले असायचे. देवांना आंघोळ घातली ती काकीनं, लग्न होऊन आली तेव्हापासून. दर रविवारी टाक रांगोळीच्या पिठानं घासायचे, पुसायचे, भंडारा लावायचा, दिवा लावायचा, आणि मगच पोटात चहा. कुणी पाहुणा आला की ती सांगायची, "ह्यांनी पूजा करूनच गाडी काढली." काका तेव्हा कुठल्या तरी परराज्यातल्या ढाब्यावर बाजेवर आडवे झालेले असत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे माना डोलवत. देव काकांच्या नावावर होते, हात काकीचे होते. शेताचंही तसंच होतं, त्यामुळं कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

काका गेले. वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालं, पंगती उठल्या. भावकीतले सगळ्यांत वडीलधारे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. कातरता कातरता म्हणाले, "आता देवांचं काय करायचं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"या घरात आता पुरुष मानूस न्हाई," आबा म्हणाले. "देवाला दिवा लावायला कुनी न्हाई. कुळाचार बंद पडला तर समद्या कुळाला बाधतं. देव हलवावं लागत्याल."

दिवा लावायला कुणी नाही असं ते म्हणाले, तेव्हा काकी त्यांच्या पाठीमागं, दाराच्या आत, खरकटी पातेली गोळा करत होती. तिच्या मागं भिंतीतल्या कोनाड्यात दिवा जळत होता. हा काय भैरोबानं उठून लावला का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते ओठांवरच राहिलं.

काकीला एकच लेक, आमची ताई. आंबेगाव तालुक्यातल्या लोणीला दिलेली, तिकडं नवऱ्याच्या बरोबरीनं शेती करते. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि ओट्यावर आली. "देव मी नेते," ती म्हणाली. "न्हाईतर आईकडंच राहू द्या. दर रविवारी मी येत जाईन."

आबा हसले. आबा वाईट माणूस नाहीत, हेच तर अवघड आहे. काकांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून राहिलेले तेच. ते मायेनं म्हणाले, "आगं पोरी, तुज्या घरी तुज्या सासऱ्याचं देव हायेत. एका देव्हाऱ्यात दोन कुळं नांदत्यात व्हय? तू आता आमच्यातली न्हाईस."

"अन् आई? आई तर तुमच्यातलीच हाय ना?"

"हायेच की. पन बाईमानसाच्या हातचा कुळाचार देवाला पोचत न्हाई. त्यो व्हता तवर त्याच्या नावानं चालत व्हतं."

म्हणजे शेकडो मैलांवर घोरत पडलेल्या माणसाचं नाव देवाला पोचत होतं, आणि समोर बसून अंग पुसणारी बाई पोचत नव्हती. देवाच्या शेजारी म्हाळसा बसलेली चालते. म्हाळसेला न्हाऊ घालणारी चालत नाही. हे सगळं मला आता लिहिताना सुचतं आहे. त्या दिवशी ओट्यावर मात्र आबांचे डोळे माझ्यावर होते, कारण माझे वडील आधीच गेलेले, आणि आमच्या घरातला पुढच्या पिढीतला पुरुष म्हणून मी एकटाच उरलो आहे. आणि ताईचे डोळेही माझ्यावरच होते. आबांच्या पाहण्यात हुकूम होता. ताईच्या पाहण्यात, अरे बोल की आता, एवढंच होतं.

मी कोण? मंचरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. रविवार हा खंडोबाचा वार, आणि माझा अंडाभुर्जीचा. देव मानतोस का, असं मला कुणी विचारलेलं नाही. मीही स्वतःला कधी विचारायला गेलो नाही. असा मी मूग गिळून बसलो. आबांना दुखवायला नको, भावकीत वाईटपणा नको, ही कारणं मी नंतर बायकोला सांगितली आणि ती सगळी खोटी आहेत. खरं असं की आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कुळाचा धनी तूच," आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यात त्या देवांना एक तांब्या पाणी न घातलेला मी, त्या एका वाक्यानं सुखावलो.

पुढच्या रविवारी देव न्यायला गेलो. काकीनं टाक घासून ठेवले होते. इतके लख्ख मी ते कधी पाहिले नव्हते. तिनं नवं लाल फडकं आणून ठेवलं होतं, त्याची किनार स्वतः शिवलेली होती. एकेक टाक उचलून तिनं फडक्यात ठेवला. वीराचा टाक ठेवताना म्हणाली, "ह्याला लई घासू नको सांग सूनबाईला. आधीच नाक गेलंय त्याचं." सूनबाईला सांग म्हणाली. मला नाही म्हणाली की घासू नको. काम कुणाकडं जाणार हे तिला आधीच कळलं होतं.

भावकी दारात जमली होती. मी फडकं दोन्ही हातांत धरून उठलो. आबा टोपी सारखी करत काकीला म्हणाले, "तू जरा आत जा. देव बाहेर पडतायत."

बाहेर पडणाऱ्या देवांसमोर विधवा बाई नको. ज्या हातांनी आत्ताच त्यांना पुसलं, फडक्यात बांधलं, त्या हातांची बाई समोर नको. काकीनं पदर ओढला आणि ती आत गेली, घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याकडं. ताई तिच्यामागं गेली. जाताना ताईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातांत देव होते, तोंड मोकळं होतं. मी एवढंच म्हणालो, "चला आबा, ऊन व्हायच्या आत निघू."

देव वाटेत खाली ठेवायचे नसतात, म्हणून आबा गाडीत माझ्या शेजारी फडकं मांडीवर घेऊन बसले. आळेफाट्याला त्यांना चहा हवा झाला. आधी मी देव धरले, ते उतरून चहा प्यायले. मग त्यांनी धरले, मी प्यायलो. एवढी आमची भक्ती.

मंचरला घरी पोचलो तर बायको नुकतीच कामावरून आलेली. ती एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या अंगावर अजून ड्यूटीचे कपडे होते. दारात आबा थांबले. मला वाटलं पायावर पाण्यासाठी थांबले असतील. ते जिन्यातूनच म्हणाले, "सूनबाई, काय अडचन न्हाई ना?"

शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांचे मिस्टर चप्पल घालत होते. या सगळ्यांसमोर एका बाईनं आपली पाळी आहे की नाही ते सांगायचं होतं. बायको लालबुंद झाली. "न्हाई," म्हणाली, आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. तिनं देवांच्या नावानं माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आबा गेल्यावर मला म्हणाली, "देव तुमचे, अन् हजेरी माझी?"

पहिले काही दिवस मी स्वतः पूजा केली. मोठ्या तोऱ्यात केली, मोबाईलवर फोटोही काढले. मग खरिपाचं बियाणं विचारत माणसं सकाळीच दुकानाच्या शटरपाशी येऊन बसायला लागली, आणि पूजा आपोआप बायकोकडं सरकली. ती रात्रपाळी करून यायची, देव घासायची, मग झोपायची. तिच्या चार दिवसांत मी लांबूनच पाणी शिंपडायचो आणि झालं म्हणायचो. एकदा तिची आई आजारी पडली, ती माहेरी गेली, तेव्हा मी देवघराचं दार बंद करून ठेवलं, म्हणजे दिसायला नको. उपास मात्र चुकले नाहीत. ते तिच्याकडं होते. "मला हे नको असं न्हाई," ती एकदा भांडी विसळताना म्हणाली, "पण मला कुणी विचारलंच न्हाई. काकींना न्हाई विचारलं नेताना, अन् मला न्हाई विचारलं आणताना. दोन बायकांच्या मधून तुम्ही नुस्तं फडकं नेलंत." यावर मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीत काकीला भेटायला गेलो. मिठाईचा खोका नेला होता, लाज झाकायला एवढंच हाताशी होतं. काकी ज्वारीच्या रानातून नुकतीच आलेली, पायाला माती. तिनं चहा ठेवला. मी कोनाड्याकडं बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि पहिल्यांदा तिकडंच बघितलं. कोनाडा सारवलेला होता. दिवा लावलेला होता. देव ठेवायचे त्या पाटावर हळदीचे डाग तसेच होते, आणि त्या डागांपुढं झेंडूचं फूल ठेवलेलं होतं. काकीच म्हणाली, "हाताला सवय लागलीय, दुसरं काय." मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं नीट हायेत ना?" आजोळी ठेवलेल्या लेकरांची चौकशी करावी तसं विचारलं. मी म्हणालो, एकदम नीट. त्या आठवड्यात त्यांना आंघोळ नव्हती.

मार्गशीर्षात सट आली. चंपाषष्ठीला आम्ही सट म्हणतो. त्या दिवशी खंडोबाची तळी भरायची असते. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, आणि पाच पुरुषांनी डोक्यावर टोपी घालून गोल बसून ते ताम्हण येळकोट करत उचलायचं. बायकांनी ताम्हणाला हात लावायचा नाही. आमच्या गावी हे कधी अडलं नाही, भावकी दाराशी असते. मंचरला मात्र माझी पाचावर धारण बसली. कांद्याच्या लागवडी चालू, पठारावरून कुणी यायला तयार नाही. आबांची गुडघेदुखी. मी, शेजारच्या वहिनींचे मिस्टर, दुकानातला माझा माणूस आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त कंडक्टर, असे चौघे कसेबसे जमलो. काकी ताईकडं लोणीला आलेली होती, तिथून दोघी मात्र आल्या होत्या. काकीनं वांग्याचं भरीत केलं होतं, बाजरीचे रोडगे थापले होते. स्वयंपाकघरात सगळं तयार, बाहेर चार टोप्या आणि पाचवा नाही. अर्धा तास आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. सिलिंडर घेऊन माणूस आला होता. खांद्यावरचा सिलिंडर त्यानं दारात आपटला आणि घाम पुसला. कंडक्टरसाहेबांचा चेहरा उजळला. "राव, पाच मिनिटं बसता का?" त्यांनी त्याला विचारलं. तो बिचारा गोंधळला. कुठला, कुठल्या कुळाचा, त्याच्या घरचे देव कोणते, यातलं कुणी काही विचारलं नाही. त्यानं मोरीत हात धुतले, त्याच्या डोक्यावर माझी जुनी टोपी बसवली, आणि आम्ही तळी उचलली. त्याचा येळकोट सगळ्यांत मोठा होता. खोबऱ्याचा तुकडा खिशात टाकून तो रिकामा सिलिंडर उचलून निघून गेला. आमच्या कुळाचा कुळाचार पार पडला.

काकी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी होती. बाहेरच्या खोलीत पाऊल न टाकता सगळं बघत होती. सिलिंडरवाला गेला त्या दाराकडं ती जरा वेळ बघत राहिली. रागावली नव्हती. हसू येत असावं, पण ते तिनं पदरात घेतलं. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जेवणं झाली, माणसं पांगली. ताई आणि बायको बाहेर बोलत बसल्या. मी पाणी प्यायला आत गेलो तर काकी देवघरासमोर उभी. तिनं हात पुढं केला, खंडोबापर्यंत नेला, आणि थांबली. माझी चाहूल लागली तशी वळून म्हणाली, "हात लावू का रं?"

मला विचारत होती. परवानगी मागत होती. मी नुसती मान हलवली. तिनं टाक उचलला. तो काळा पडला होता, घोड्याचे पाय दिसत नव्हते. पदराच्या टोकानं पुसत राहिली, पुसून जागेवर ठेवला, मग म्हाळसेला घेतलं.

मी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणून म्हणालो, "काकी, तू देव घेऊन जा. आत्ताच. मी पिशवीत बांधून देतो, कुणाला कळणार न्हाई. आबांचं मी नंतर बघतो." आणि हे बोलताना मला पुन्हा बरं वाटलं, अगदी ओट्यावर वाटलं होतं तसंच. केवढं मोठं मन माझं!

काकीनं म्हाळसेचा टाक खाली ठेवला. "पिशवीत?"

"म्हणजे तुझेच हायेत ते."

"माझे हायेत तर पिशवीत कशाला?"

ती शांतपणे बोलली, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी. "नेलंस तवा समदी भावकी दारात व्हती. मला आत जा म्हनले. मी गेले, अडून बसले न्हाई. आता आनायचे असतील तर त्यांच्याच देखत आन. मी दारात उभी ऱ्हाईन. तवा मला कुनी पुन्ना आत जा म्हनलं, तर तू काय बोलनार, तेवढं ठरवून ये."

मग तिनं वीराचा टाक उचलून बोटानं त्याचं गेलेलं नाक चाचपलं, जागेवर ठेवला, आणि ताईला हाक मारली, "चल गं, गाडी चुकंल."

त्याला आता बरेच दिवस झाले. बायकोला पूजेतून मोकळं करून रविवारचे टाक मी स्वतः घासतो, त्यात काही मोठेपणा नाही. झोपेतही काकीचं ते "हात लावू का रं?" ऐकू येतं म्हणून घासतो. मधे आबा दुकानात आले होते, कांद्यावरच्या करप्याचं औषध घ्यायला. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "देव बरे हायेत न्हवं?" त्यांनी विचारलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, पंखा चालू होता, आबा निवांत होते. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "बरे हायेत," आणि औषध किती पाण्यात किती घालायचं ते त्यांना समजावून सांगितलं. ते मला बरोबर येतं.

लाल फडकं धुऊन, घडी घालून देवघराच्या खणात ठेवलं आहे. काकी म्हणाली तशी दारात उभी राहील, तिचं मला ठाऊक आहे. पठारावरचा तो ओटा, जमलेली भावकी, टोपी सारखी करणारे आबा, हे सगळं मी गाडी चालवताना डोळ्यांसमोर आणतो. आबा म्हणतात, "तू जरा आत जा." आणि तिथं माझं तोंड उघडायचं असतं. ते अजून उघडत नाही.